गावचा व्हिडिओ कॉपीराइटच्या नावानं उडवला तर काय कराचं

मांगच्या हंगामात आमच्या पोट्ट्यांनी कापसाच्या एका जिनिंगवर वजनकाटा चालू असताना व्हिडिओ काढला, क्विंटलमागं कडता, म्हणजे वजनातली घट, कसा कापून राहिले ते सरळ दिसत होतं, दोन दिवसांत तालुकाभर फिरला आन तिसऱ्या दिवशी यूट्यूबवरून गायब. कारण काय तर कॉपीराइट. कोणीतरी आमचाच व्हिडिओ उतरवून आपल्या चॅनलवर चढवला आन वरून तक्रार केली का हा माझा आहे. पोट्टे इतके भेले का बाकीचे व्हिडिओ सोताच डिलीट कराले बसले. ते करू नका, त्याच्यासाठीच हे लिहून राहिलो. डिलीट केल्यानं स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबनं चॅनलवर लावलेला ठपका, जात नाही, उलट तुमचं काम तुम्हीच पुसता.

पहिले पाहा का आलं काय आहे, क्लेम का स्ट्राइक. क्लेम बहुतेक मशीन टाकते, मांग कुठं डीजे नाहीतर पानठेल्यावर गाणं वाजत असलं का ते पकडते. व्हिडिओ बरेचदा राहते, जाहिरातीचे पैसे तिकडं जातात. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळाच्या पानावर, जाऊन तेवढं गाणं म्यूट करा, विषय संपला. क्लेमच चुकीचा वाटला तर डिस्प्यूट, म्हणजे हरकत, टाका, समोरच्याले ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. म्हणून ग्रामसभा किंवा मोर्चा शूट करताना गाणं सुरू झालं का जागा बदला, माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ न्या. अमेरिकेत २०२१ मध्ये पोलिसांनी शूटिंग करणाऱ्यासमोर मुद्दाम मोबाईलवर गाणं लावल्याचे प्रकार झाले, व्हिडिओ कॉपीराइटमध्ये अडकावा म्हणून. आपल्याकडं कोणी लाउडस्पीकर मुद्दाम वाढवला तर हे ध्यानात ठेवा.

स्ट्राइक वेगळी. ती कोणीतरी माणसानं फॉर्म भरून आणलेली असते, आन ९० दिवसांत तीन झाल्या का चॅनलच बंद. खोटी तक्रार करणारा नेमका इथंच दाबते. तर मेल उघडा, तक्रार कोणाच्या नावानं आहे, कोणत्या मिनिटावर आहे, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. समोरच्यानं चढवलेल्या कॉपीची तारीख दिसते, ती तुमच्यानंतरची असते, तिचाही घ्या. मूळ क्लिप मोबाईलमधून काढून पेनड्राइव्हवर ठेवा, व्हॉट्सॲपवर साधी पाठवली का ती दबून जाते आन पुरावा म्हणून कच्ची पडते.

मंग काउंटर नोटिफिकेशन भरा, म्हणजे तक्रार चुकीची आहे, व्हिडिओ परत लावा असं यूट्यूबले सांगणारा फॉर्म. त्याच्यानंतर समोरच्याले अमेरिकेच्या कामाच्या १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्यावा लागते, नाही दिला तर व्हिडिओ बहुतेक परत येते. आमचा आला. पण तोवर अर्धा कापूस त्याच काट्यावर गेला होता, आन हेच मले सगळ्यात जास्त लागलं, का व्हिडिओ कायमचा दाबाची गरजच नाही, हंगामापुरता दाबला तरी ज्याले पाहिजे त्याचं काम होते. एक गोष्ट मात्र नीट ऐका, या फॉर्मवर तुमचं खरं नाव-पत्ता लागते आन तो तक्रार करणाऱ्याकडं जाते. गावात दुश्मनी असली तर वकिलामार्फत भरा. आन खरंच दुसऱ्याचं फुटेज उचललं असलं तर भरू नका, तिथं खोटं लिहिणं अंगावर येते.

बातमीची वेबसाइट असली तर अजून एक डाव चालते, बातमी चोरून जुनी तारीख टाकून छापाची आन मंग गूगलले नोटीस द्याची का मूळ आमची, त्यांची काढा. अशा नोटिसांचा साठा लुमेन नावाच्या हार्वर्डच्या प्रकल्पात आहे, २०२२ मध्ये त्यांनी असल्या ३० हजारांवर नोटिसा दाखवल्या. बातमी छापली त्याच दिवशी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानाची तारखेसकट नक्कल ठेवणाऱ्या साइटवर, सेव्ह करून ठेवा, तारखेचा पुरावा राहते.

कायदा आपल्याकडंही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ चालू घडामोडींची बातमी, टीका, सार्वजनिक भाषणाचा वृत्तांत, याच्यासाठी योग्य तेवढा वापर चालू देते. कोणी फोनवर "केस टाकतो, व्हिडिओ काढ" म्हणून धमकावत असलं आन दावा काही टाकत नसलं, तर कलम ६० खाली उलट तुम्हीच कोर्टात जाऊन धमकी बिनबुडाची आहे असं ठरवून घेऊ शकता, नुकसानभरपाईही मागता येते. वकिलाले पैसे नसतील तर तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, बाया, एससी-एसटी आन कमी उत्पन्नवाल्यांले तिथं वकील फुकट भेटते, लाजू नका.

आन वाट पाहत असताना तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनलवर चढवू नका, तिथंही स्ट्राइक येऊ शकते. पेनड्राइव्ह घेऊन ग्रामसभेत जा, टीव्हीले लावा, पहिले काट्याचा आकडा आन मंग पावतीवरचा आकडा दाखवा.