जेट्टीचे फोटो: आधी तिथी बघा, मग निघा

पुण्याहून ताम्हिणीमार्गे राजपुरी नाहीतर दिघीला जेट्टीचे फोटो काढायला जाताय ना, मग निघायच्या आधी कॅलेंडरवर तिथी बघाच. अमावस्या-पौर्णिमेला आपल्या कोकणात भरती साधारण दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी आणि फ्रेममध्ये नुसता चिखल. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी भरती मिळते, पाणी जेट्टीच्या खांबांना लागलेलं असतं आणि मला तरी तेच आवडतं.

जेट्टी बरोब्बर मधे ठेवू नका, खालच्या एका कोपऱ्यातून आत जाऊ द्या म्हणजे नजर आपोआप टोकापर्यंत जाते, आणि टोकाला काहीतरी हवंच, होडी, किल्ला, जाळं विणत बसलेला माणूस (त्याला आधी विचारा हं). मोबाईलच्या कॅमेऱ्यात ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) ऑन करा, क्षितिज तिरकं झालं की सगळा फोटो गेला. खाली बसून काढा, दोर बांधायच्या लोखंडी खुंट्याजवळ, त्याचा गंज आणि घासून गुळगुळीत झालेली कड अगदी पुढे घ्या, फोटोला खोली येते. लाटा दुधासारख्या हव्या असतील तर ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर (लेन्सवर बसवायची, प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावून दोन-चार सेकंद शटर उघडं ठेवा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र उतरू नका.