विमानतळावर एकटीने थांबताना: हातातल्या बॅगा कशा सांभाळायच्या

मी बहुतेक वेळा एकटीच प्रवास करते. दोन विमानांच्या मधल्या पाच-सहा तासांत बॅगांकडे बघायला सोबत कोणी नसतं. एकदा पाण्याची बाटली भरायला उठले आणि बॅग खुर्चीपाशीच ठेवली. नळ वीस पावलांवर होता. परत आले तर बॅगेजवळ सुरक्षारक्षक उभे आणि शेजारची माणसं उठवलेली. बॅग माझीच आहे हे पटवून, उघडून दाखवेपर्यंत माझ्या विमानाचं बोर्डिंग सुरू झालं होतं. रक्षकांचं काहीच चुकलं नव्हतं, बेवारस बॅगेकडे त्यांना धोका म्हणूनच बघावं लागतं. तेव्हापासून बॅग सोडून मी एक पाऊलही जात नाही.

बॅगा दोनच ठेवा. छोटी गळ्यात आडवी अडकवायची. तिच्यात पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोन, पैसे आणि चष्मा. ती फक्त सुरक्षा तपासणीला उतरवायची, तीही सगळ्यांत शेवटी, आपली आत जायची वेळ आली की. ट्रे मोजून सोडा. तीन सोडले तर तीन उचलायचे. लॅपटॉप मागे राहतो तो याच घाईत. मोठी बॅग चाकांची असावी. बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा 7 किलो असते, पण मी त्याहूनही हलकी भरते, कारण ती दर वेळी सोबत न्यायची असते.

खरी कसोटी स्वच्छतागृहात लागते. दार आत उघडणारं असेल तर आधी बॅगेचा दांडा खाली करा, बॅग आडोशाला कमोडच्या बाजूला सरकवा, मग आत शिरून दार लावा. छोटी बॅग दाराच्या वरच्या हुकला लावू नका, बाहेरून हात घालून ती सहज काढता येते. गळ्यातच राहू द्या. अवघडल्यासारखं होतं, पण सवय होते.

“ताई, जरा बॅग बघता का?” असं कोणी विचारलं तर मी नम्रपणे नाही म्हणते, आणि मीही कोणाला विचारत नाही. अनोळखी बॅगेत काय आहे, ते आपल्याला माहीत नसतं.

डुलकी घ्यायची असेल तर भिंतीलगतची खुर्ची बघा. बॅग आडवी ठेवा, चेनची बाजू भिंतीकडे करा आणि पट्ट्यातून पाय घालून बसा. कोणी ओढली तर जाग येते. फोन भिंतीवरच्या सॉकेटला लावून झोपू नका, त्यासाठी पॉवर बँक वापरा. ती 100 वॉट-तासांपर्यंतची असली की सहसा वेगळी परवानगी लागत नाही. 20,000 एमएएच (बॅटरीची क्षमता) लिहिलेली पॉवर बँक साधारण 74 वॉट-तास भरते.

शेवटचं काम गेटवर. विमान भरलेलं असलं की कधी कधी मोठी बॅग ऐन वेळी खाली सामानात टाकायला मागून घेतात. पॉवर बँक तिथे जाऊ द्यायची नसते, आणि औषधं मी कधीच जाऊ देत नाही. म्हणून या दोन वस्तू, चार्जर आणि एक जोडी कपडे मी कापडी पिशवीत घालून बॅगेत सगळ्यांत वर ठेवते. मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची.