डिझेल गाडीच्या इंजिनातले ऑइल वाढत असेल तर कारण कसे शोधावे

इंजिन ऑइल कमी झाले की गाडीमालक लगेच सावध होतो. ते वाढलेले दिसले तर मात्र बहुतेक जण निर्धास्त राहतात. माझ्या मावसभावाला गॅरेजमध्ये हेच ऐकवले गेले होते : ‘जास्तच आहे ना, मग काळजी कसली?’ त्याच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेल गाडीत सर्व्हिसिंगच्या वेळी कमाल खुणेपर्यंत भरलेले ऑइल चार महिन्यांत खुणेच्या आठ मिलिमीटर वर गेले होते, आणि मधल्या काळात कोणी थेंबभरही ऑइल घातलेले नव्हते. अशा वेळी ऑइलमध्ये दुसरे काहीतरी मिसळत असते. ते काय आहे आणि कोणत्या वाटेने येत आहे, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ठरवता येते. उरलेल्या कामासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र, असलेले गॅरेज लागते.

पातळी नीट मोजणे

चढावर उभ्या असलेल्या गाडीची किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, खरी पातळी सांगत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन गरम झाल्यावर बंद करून दहा ते पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले ऑइल इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक काढून फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि दोन्ही बाजू पाहाव्यात. दोन्हींवर वेगळी पातळी दिसली तर नळीच्या कडेला लागलेल्या ऑइलने एक बाजू माखली आहे असे समजून पुन्हा मोजावे. काही कंपन्या थंड इंजिनावर मोजायला सांगतात, म्हणून गाडीचे पुस्तक आधी उघडावे. दर वेळी पद्धत एकच ठेवावी, शक्यतो जागाही तीच असावी.

अनेक गाड्यांत किमान आणि कमाल या खुणांमधले अंतर साधारण एक लिटरचे असते. समजा, तुमच्या डिपस्टिकवर ते वीस मिलिमीटर भरले, तर सहा मिलिमीटरची वाढ म्हणजे सुमारे तीनशे मिलिलिटर. वाढीचा असा हिशेब एकदा मांडला की पुढचे बोलणे अंदाजावर राहत नाही.

सर्व्हिसिंगनंतर पहिल्याच दिवशी पातळी कमाल खुणेच्या वर असेल, तर भरणाऱ्याचा हात सैल सुटला इतकेच. जास्तीचे ऑइल काढून घ्यावे आणि विषय संपवावा. म्हणूनच ऑइल बदलून गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले मोजमाप करून ठेवावे. ते नसेल तर पुढे ‘वाढले’ आणि ‘मुळातच जास्त भरले होते’ यांत फरक करता येत नाही.

पाणी की डिझेल

आधी कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, तपासावे, कारण ते ऑइलमध्ये जात असेल तर गाडी चालवणे त्याच क्षणी थांबवावे लागते. इंजिन पूर्ण थंड असताना कुलंटच्या पारदर्शक टाकीवर पेनाने पातळीची रेघ मारावी आणि आठवडाभर पाहावे. कुलंट उतरते आहे आणि ऑइल चढते आहे, शिवाय डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसते आहे, असे असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांमधले सील), तडा गेलेले हेड किंवा ऑइल कूलर यांपैकी कोठेतरी वाट फुटली आहे. ऑइल कूलर फुटला असेल तर इंजिन चालू असताना ऑइलचा दाब अधिक असल्याने ऑइल कुलंटमध्ये शिरते, आणि इंजिन बंद झाल्यावर कुलंटमधल्या उरलेल्या दाबाने उलटा प्रवास होतो. म्हणून कुलंटच्या टाकीत तेलकट तवंग आहे का, तेही पाहावे. मात्र फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर घाबरण्याचे कारण नाही. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमट हवेतले पाणी तेथे साचते. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर मात्र हे सगळे प्रयोग सोडून, इंजिन सुरू न करता, टोइंग बोलवावे.

शंका राहिली तर एक जुना स्टीलचा चमचा गॅसवर तापवावा, गॅस बंद करून चमचा घराबाहेर न्यावा आणि डिपस्टिकवरचा एकच थेंब त्यावर सोडावा. ऑइलमध्ये पाणी असेल तर थेंब तडतडतो, नसेल तर नुसता पसरून धुरकटतो. ज्योत पेटलेली असताना हे करू नये, कारण ऑइलमध्ये डिझेल असेल तर ते शुद्ध ऑइलपेक्षा लवकर पेट घेते.

डिझेल ओळखणे अधिक अवघड आहे. डिझेल इंजिनाचे ऑइल हजार किलोमीटरच्या आतच काळे होते, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही, आणि वासाची आपल्या नाकाला सवय झालेली असते. तुलना करायला त्याच ग्रेडचे थोडे नवे ऑइल घ्यावे. दोन्हींचा एकेक थेंब चहाच्या फिल्टर पेपरवर टाकून कागद रात्रभर आडवा ठेवावा. जुन्याच्या मधल्या काळ्या डागाबाहेर फिकट, तेलकट आणि रुंद कडे उमटले, नव्याभोवती तसे नसले, तर डिझेलचा संशय बळावतो. बोटांमध्ये चोळल्यावर जुने ऑइल पाण्यासारखे सुटते का, हेही पाहावे. या चाचण्यांनी प्रमाण कळत नाही. पण कुलंट जिथल्या तिथे आणि पातळी मात्र वाढलेली असेल, तर बहुधा डिझेलच असते.

डिझेल चेंबरमध्ये कसे पोहोचते

एप्रिल २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, बसू लागला. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान हवे असते. ते गाठण्यासाठी अनेक इंजिनांत पिस्टन खाली उतरत असताना थोडे डिझेल उशिराने फवारले जाते, म्हणजे ते सिलिंडरमध्ये न जळता पुढे जाऊन फिल्टरआधीच्या कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जळते. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतींना लागते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून ऑइल चेंबरमध्ये उतरते. पेट्रोल असते तर ऑइल तापल्यावर बरेचसे उडून गेले असते. डिझेलचा उकळण्याचा पल्ला साधारण १८० ते ३६० अंशांचा, आणि ऑइल शंभर अंशांच्या आसपास, म्हणून डिझेल तेथेच मुक्काम करते. माझदा या जपानी कंपनीने आपल्या डिझेलवरच्या स्कायअ‍ॅक्टिव्ह-डी इंजिनांच्या डिपस्टिकवर कमाल खुणेच्या वर ‘एक्स’ ही वेगळी खूण दिली, ती याच कारणाने : पातळी तिथवर चढली की ऑइल बदलायचे.

अडचण येते ती रिजनरेशन अर्धवट राहिल्याने. पंधरा-वीस मिनिटांचे काम सुरू होते, तोच ऑफिस येते आणि चावी बंद होते. पुढच्या फेरीत डिझेलचा तोच खर्च पुन्हा पहिल्यापासून. मावसभावाची गाडी कोथरूड ते डेक्कन अशी रोज चार किलोमीटर जात-येत होती. रिजनरेशन चालू असल्याचे ओळखता येते : गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे (आयडलिंगचे आरपीएम) नेहमीपेक्षा चढे राहतात, तात्कालिक मायलेजचा आकडा कोसळतो, आणि गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. अशा वेळी शक्य असेल तर गाडी आणखी थोडी फिरवून आणावी.

सगळे खापर छोट्या फेऱ्यांवर फोडण्याची घाई मात्र करू नये. सर्व्हिस सेंटरवाल्यांना हे उत्तर फार सोयीचे पडते. स्कॅनर लावून दोन रिजनरेशनमधले अंतर, फिल्टरमधली काजळी आणि प्रत्येक इंजेक्टरचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाचे) करेक्शन, म्हणजे संगणकाने त्याच्या डिझेलात केलेली कमी-जास्त, पाहायला सांगावे. एखाद्या इंजेक्टरचे टोक, म्हणजे नोझल, गळत असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर आणि ठोक्याचा आवाज येतो, आणि करेक्शनच्या आकड्यांत तो सिलिंडर इतरांपेक्षा वेगळा पडतो. काही इंजिनांत हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टचे सील निकामी झाले तरी डिझेल थेट ऑइलमध्ये उतरते. जुन्या युनिट इंजेक्टरच्या इंजिनांत इंजेक्टर हेडच्या आतच बसत असल्याने त्यांच्या ओ-रिंगा (रबरी गोल सील) हा पहिला संशयित. गाडीला डीपीएफच नसेल आणि तरी डिझेल चढत असेल, तर नोझल आणि पंप यांच्याकडेच पाहावे.

ऑइल बदलून वही ठेवणे

डिझेल मिसळलेले ऑइल हायवेवर लांब पळवून पूर्ववत होत नाही, आणि वरचे थोडे काढून टाकले तरी उरलेले पातळच असते. ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत, डीपीएफसाठी कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या ग्रेडचेच ऑइल भरावे, आणि त्यानंतर दर पाचशे किलोमीटरला पातळी लिहावी. शेजारी कुलंटची पातळी आणि त्या काळातला लांबचा प्रवासही नोंदवावा. निदानाचे अर्धे काम ही वही करते, असा माझा अनुभव आहे.

पातळी खुणेच्या बरीच वर गेली असेल तर ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नये. क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, पातळ ऑइलने बेअरिंग आणि टर्बो झिजतात, आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या) वाटेने ऑइल हवेच्या नळीत ओढले गेले तर इंजिन त्याच ऑइलवर आपोआप रेस होऊ लागते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून चावी बंद करूनही ते थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. ते जमले नाही तर सर्वांना घेऊन गाडीपासून दूर व्हावे. बॉनेट उघडून हाताने किंवा चिंधीने हवेची वाट बंद करायला जाऊ नये.

मावसभावाने ऑइल बदलले आणि दर रविवारी पुणे–सातारा रस्त्यावर गाडी तासभर नेऊ लागला. तरीही पहिल्या हजार किलोमीटरला पातळी चार मिलिमीटर चढली, आणि स्कॅनरवर रिजनरेशन दर सव्वाशे किलोमीटरला होत असल्याचे दिसले. एवढी काजळी येते कोठून, हे शोधताना मेकॅनिकला इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या, रबरी पाइपवर ओलसर काळा डाग दिसला. तेथली क्लिप सैल होती, टर्बोची हवा बाहेर जात होती आणि हवा कमी पडल्याने धूर वाढला होता. क्लिप बदलली, ऑइल पुन्हा नवे भरले. पुढच्या हजार किलोमीटरला वहीत एक मिलिमीटरची वाढ लिहिली गेली, आणि रिजनरेशनमधले अंतर तीनशेच्या वर गेले.