टिग वेल्डर सगळ्यांनी मिळून बनवताना: सुरुवातीआधीची तयारी

टिग म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाशी विजेचा आर्क पेटवून, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली धातू जोडणं. आधी एवढंच ठरवा की अ‍ॅल्युमिनियम जोडायचंय की लोखंड आणि स्टेनलेसवर भागेल. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतो, आणि मग सर्किट, वेळ, खर्च सगळंच वाढतं. पहिलं मशीन डीसीचंच करा, टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ) निगेटिव्हला.

विजेची बाजू शून्यापासून बांधायला जाऊ नका. स्टिक वेल्डिंगचा (कांडीनं जोडायचा) जुना पण धडधाकट डीसी इन्व्हर्टर, म्हणजे वेल्डिंग मशीन, शोधा. करंट स्थिर धरणारा सोर्स स्टिकलाही लागतो आणि टिगलाही, त्यामुळे गॅसचा व्हॉल्व्ह असलेली टॉर्च, रेग्युलेटर आणि आर्गॉन एवढं जोडलं की काम सुरू होतं. माइल्ड स्टीलला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण ४० अँपिअर धरा. ३ मिमीला १२० झाले, आणि १७ नंबरची एअर-कूल्ड टॉर्च डीसीवर १५० पर्यंत झेपवते. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टचा, म्हणजे न टेकवता ठिणगीनं आर्क पेटवण्याचा, मोह सगळ्यांनाच होतो, पण त्या ठिणगीचे हजारो व्होल्ट उलटे इन्व्हर्टरमध्ये शिरले तर आयजीबीटी (आतले स्विचिंग ट्रान्झिस्टर) उडतात. आधी स्क्रॅच स्टार्टवर, म्हणजे टंगस्टन जॉबवर घासून आर्क पेटवण्यावर, हात बसू द्या.

इन्व्हर्टरचा बॉक्स उघडायचाच असेल तर कोण उघडणार ते नावानिशी ठरवा, आणि त्यानंही एकट्यानं उघडायचा नाही. २३० व्होल्टचा सप्लाय रेक्टिफाय झाला की कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही राहतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून शॉर्ट करायची सवय कुणाला असेल तर ती इथं मोडा. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मग मल्टिमीटर लावून आकडा शून्याजवळ आलेला डोळ्यांनी बघा. दुरुस्तीनंतर पहिला सप्लाय सिरीजमध्ये जोडलेल्या साध्या फिलामेंट बल्बमधून द्या: बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर पुढे जा, लख्ख पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. बॉडीचं अर्थिंग मोजून घ्या.

गॅस शुद्ध आर्गॉनच हवा; मिग वेल्डिंगच्या (वायर वितळवून जोडायच्या) गॅस मिश्रणातला कार्बन डायऑक्साइड टंगस्टन खाऊन टाकतो. फ्लो मिनिटाला ७ ते १० लिटर. सिलेंडर उभा, साखळीनं बांधलेला. आर्गॉन हवेपेक्षा जड आणि बिनवासाचा, तेव्हा खोली बंद ठेवू नका.

टंगस्टन लँथनेटेड (लँथॅनम ऑक्साइड मिसळलेलं) घ्या. थोरिएटेडची (थोरियमवाल्याची) ग्राइंडिंगची धूळ किरणोत्सारी असते. टंगस्टन घासायला ग्राइंडरचा वेगळा व्हील राखून ठेवा आणि घासताना रेघा लांबीच्या दिशेनं, टोकाकडे जाणाऱ्या पाडा. आडव्या रेघांनी आर्क भरकटतो. आर्क तुटल्यावर व्हॉल्व्ह लगेच बंद करू नका, १०० अँपिअरला दहाएक सेकंद गॅस वाहू द्या. टोक चंदेरी राहिलं तर गॅस पुरला, निळं-काळं पडलं तर कमी पडला.

जॉब पुसायला क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर मुळीच नको, आर्कजवळ त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. अ‍ॅसिटोन वापरा, पूर्ण वाळू द्या आणि डबा लांब ठेवा.

सामूहिक कामात सगळ्यात जास्त जपायचं ते बघ्यांना. वेल्डिंग करणाऱ्याच्या डोळ्यांवर १० किंवा ११ शेडची गडद काच असते, मागे उभ्या असलेल्यांचे डोळे उघडे असतात आणि रात्री तेच चुरचुरतात. म्हणून वेल्डिंगचा पडदा आणि दोन जादा हेल्मेट पहिल्या खरेदीतच घ्या, टॉर्चच्याही आधी.