मुतखडा बारीक आहे? मग या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करून लोक म्हणतात, "चारच एमएमचा आहे, लगेच पडेल असं काहीतरी द्या." पाच एमएमच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात, पण त्याला चार-सहा आठवडेही लागू शकतात. रात्रीत खडा पाडणारं औषध माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कळ थांबली की खडा पडला असं धरून चालणं. आमच्याकडे येणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांनी पानफुटीची पानं चावली, दोन दिवसांत दुखणं गेलं. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावलं होतं. "बरं वाटतंय, उगाच पैसे कशाला घालवू?" म्हणून गेलेच नाहीत. काही महिन्यांनी वेगळ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी झाली, तेव्हा खडा मूत्रनलिकेत तसाच अडकलेला आणि किडनी सुजलेली. दुर्बिणीने खडा काढला, पण ती किडनी पहिल्यासारखी झाली नाही. अडकलेला खडा दुखायचा थांबतो, किडनीवरचा दाब थांबेलच असं नाही. म्हणून मी प्रत्येकाला एक बारीक गाळणी वेगळी ठेवायला लावते. लघवी गाळायची, खडा मिळाला तर कोरड्या डबीत घालून तपासायला द्यायचा. मिळो न मिळो, सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी करायचीच.

दुसरी चूक, दूध-दही बंद करणं. खडा कॅल्शियमचा, मग दूध नको, हा हिशेब साफ उलटा आहे. जेवणातलं कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतलं ऑक्झलेट (कॅल्शियमशी मिळून खडा बनवणारा घटक) आतड्यातच धरून ठेवतं. जेवणातलं कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेट लघवीत उतरतं. सोडायचंच असेल तर लोणचं, पापड, फरसाण सोडा. मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं.

कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ नका, नुसत्या उलट्या होतात. एरवी लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर होईल इतकं पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बिअरने खडा पडतो असं म्हणतात, पण बिअर हे औषध नाही. कुळथाचं कढण आवडत असेल तर प्या, तपासणीच्या बदल्यात नको.

दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी मागू नका. किडनी कमजोर असेल तर ती आणखी बिघडते.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.