नैसर्गिक वायू आणि पाणी: मॉडेल निवडताना या चुका टाळा

प्रक्रियेचा हिशेब करणारा सिम्युलेटर उघडला की तो प्रॉपर्टी पॅकेज, म्हणजे पदार्थांचे गुणधर्म काढायचं मॉडेल, विचारतो आणि हात सवयीने पेंग-रॉबिन्सन या समीकरणावर जातो. वायू कोरडा असेल तर त्यात फारसं बिघडत नाही. पाणी आलं की मात्र आधी ठरवा: तुम्हाला वायूतलं पाणी मोजायचंय, की पाण्यात विरघळलेला वायू?

बहुतेक घोळ इथेच होतो. पेंग-रॉबिन्सनसारख्या क्युबिक समीकरणाच्या नेहमीच्या मिश्रण-नियमात घटकांच्या प्रत्येक जोडीला एकच केआयजे, म्हणजे परस्परक्रियेचा जुळवणी-गुणांक, असतो. मिथेन आणि पाण्यासाठी तो 0.5 च्या आसपास ठेवला की वायूतलं पाणी बरं जुळतं. तोच आकडा पाण्याच्या फेजला (द्रव थराला) लावला, तर मिथेनची विद्राव्यता इतकी घसरते की दशांशचिन्हापुढची शून्यं मोजत बसावं. प्रत्यक्षात 25 अंश सेल्सिअस आणि 70 बारला पाण्यात मिथेनचा मोल-अंश 0.0014 च्या आसपास असतो. तो जुळवायला केआयजे ऋण केलात, की वायूची बाजू बिघडते. सोराइडे आणि व्हिटसन यांनी 1992 मध्ये यावर सरळ तोडगा काढला: दोन फेजना दोन वेगळे केआयजे, आणि पाण्याच्या फेजमधला तापमान व क्षारतेनुसार बदलणारा. थर्मोडायनॅमिक सुसंगतीचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात, आणि त्यांचं चूक नाही. पण खाऱ्या पाण्यातून सेपरेटरनंतर किती वायू सुटेल एवढाच प्रश्न असेल, तर तो पुरतो.

हायड्रेट, म्हणजे पाणी-वायूचा बर्फासारखा घन, होऊ नये म्हणून इनहिबिटर, म्हणजे मेथनॉल किंवा एमईजी (मोनोएथिलीन ग्लायकॉल), सोडत असाल तर ही मलमपट्टी चालणार नाही. हायड्रोजन-बंध हिशेबात धरणारं सीपीए (क्युबिक-प्लस-असोसिएशन) मॉडेल घ्या, नाहीतर निदान ह्युरॉन-विडाल मिश्रण-नियम. आणि ‘फ्री वॉटर’चा पर्याय बंद करा, तो पाण्याची फेज शुद्ध पाणी मानतो, म्हणजे तुमचं इनहिबिटर गेलं कुठे?

उत्तर संशयास्पद वाटलं तर मिश्रणाकडे जाण्याआधी नुसतं पाणी तपासा. 25 अंशांना बाष्पदाब 3.17 किलोपास्कल यायला हवा. चार-पाच टक्के फरक दिसला तर दोष केआयजेचा नाही, अल्फा फंक्शनचा, म्हणजे समीकरणातल्या आकर्षणाच्या तापमानानुसार बदलणाऱ्या भागाचा, आहे. ॲसेंट्रिक फॅक्टरवर (रेणूच्या आकाराच्या निर्देशांकावर) बेतलेलं जुनं अल्फा पाण्याला नीट बसत नाही; मॅथियास-कोपमन किंवा ट्वू यांचं अल्फा वापरा. बाष्पदाबातली चूक थेट वायूतल्या पाण्याच्या आकड्यात उतरते.

हातानं पडताळा घेताना राऊल्टच्या नियमावर (पाण्याचा बाष्पदाब भागिले एकूण दाब) थांबू नका. 3.17 भागिले 7000 केलं की 453 पीपीएम येतात. 70 बारला मिथेनमध्ये खरा आकडा 600 च्या जवळ जातो, कारण दाबाखालचा मिथेन आदर्श वायूसारखा वागत नाही.

सावर (हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन डायऑक्साइड असलेल्या) वायूला गोड (ते नसलेल्या) वायूचे तक्ते लावणं ही आणखी एक जुनी खोड. वायूतल्या पाण्याचा 1958 चा मॅकेटा-वेहे तक्ता गोड वायूसाठी आहे. वसईसमोरच्या समुद्रातल्या बसीन क्षेत्राचा सावर वायू स्वीटनिंगसाठी (ते वायू काढून टाकण्यासाठी) हजिऱ्याला जातो. अशा प्रवाहाला तो तक्ता जसाच्या तसा लावू नये. कार्बन डायऑक्साइडमध्ये दाब वाढवला की पाणी आधी कमी होतं, पण 25 अंशांना सुमारे 64 बारला तो द्रव झाला की एकदम उसळी घेतं. मिथेनमध्ये असं काही दिसत नाही.

सगळ्यात महागात पडते ती ड्यू पॉइंटची, म्हणजे वायूतलं पाणी द्रव होऊ लागतं त्या तापमानाची, चूक. शुद्ध मिथेनचा हायड्रेट 70 बारला साधारण 10 अंशांपाशीच स्थिर होतो, आणि वायूत थोडं प्रोपेन असलं तर त्याहून वरच. हायड्रेटसोबत समतोलात असलेल्या वायूत पाणी द्रवापेक्षा कमी असतं. म्हणजे मॉडेल फक्त द्रव पाणी ओळखत असेल आणि ड्यू पॉइंट उणे 10 सांगत असेल, तर घन हायड्रेट त्याहून उबदार तापमानालाच बसायला लागू शकतो. थंड आरशावर दव पाहून ड्यू पॉइंट मोजणारं उपकरणही कधीकधी हायड्रेटऐवजी तेच अर्धस्थिर (तात्पुरतं टिकणारं) द्रव पाणी पकडतं, त्यामुळे आकडे जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका. हायड्रेटची फेज चालू करून पुन्हा चालवा.

जीईआरजी-2008 आणि जीईआरजी-वॉटर यांची नावं सारखी असली तरी ती एकच मॉडेल समजू नका. पहिलं घनता, उष्मांतर वगैरेंसाठीचं व्यापक समीकरण; त्यात पाणी घटक म्हणून असलं तरी पाण्याची फेज काढायला ते वापरू नये. दुसरं आयएसओ 18453 या आंतरराष्ट्रीय मानकातलं, पेंग-रॉबिन्सनवर बेतलेलं, पाण्याचं प्रमाण आणि ड्यू पॉइंट यांची सांगड घालणारं. रिपोर्टमध्ये कोणतं वापरलं, कोणत्या दाबाला, आणि कोणती फेज धरून, हे तिन्ही लिहा.