गाय बदलण्याआधी गव्हाण बघा

पावसाळ्यात गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे दुधाची फॅट उतरली की लगेच ‘आता जर्सीच घेऊया’ सुरू होतं. जातीचा वाटा आहेच: होल्स्टीनच्या दुधाला फॅट साधारण ३.५ टक्के, जर्सीच्या ५ च्या आसपास. पण जात काही रातोरात बदलत नाही. त्याच गाईची फॅट अचानक घसरली, तर आधी चाऱ्याकडे बघा.

कोवळं, पाणीदार गवत गाय आवडीने खाते, पण त्यात तंतू कमी. तंतू कुजताना पोटात अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, आणि दुधातली बरीचशी फॅट त्यापासूनच बनते. म्हणून चरायला सोडण्याआधी भाताचा सुका पेंढा घाला, पेंड त्यानंतर. पेंढ्याला बुरशी अजिबात नको. आपल्या पावसात तो कोरडा ठेवणं हीच खरी मेहनत. तंतू पुरेसा मिळतोय याची खूण म्हणून निवांत बसलेली गाय रवंथ करताना दिसली पाहिजे.

आणि धार पूर्ण काढा. पहिल्या धारांत फॅट जेमतेम १-२ टक्के, शेवटच्यांत त्याच्या कित्येक पट. शेवटचं दूध वासराला सोडत असाल, तर दूध सोसायटीवर फॅट कमीच लागणार. त्याला सुरुवातीला पाजा.